साधें बंगाली जेवण आणि विधवेची चूल

बंगाली मनुष्य म्हणजे मासे आणि भात, ही आपल्याकडील समजूत खोटी नाहीं. पण ती पुरीही नाहीं. कलकत्त्याच्या एखाद्या मध्यम स्थितींतील घरचें साधें जेवण पाहिलें, तर मासा बराच उशिरां येतो असें दिसतें. आरंभीं भाताबरोबर कडू पदार्थ, मग वरण व तळलेल्या फोडी, मग भाजी, त्यानंतर माशाचें पातळ कालवण, म्हणजे 'झोल', आणि शेवटीं आंबटगोड चटणी व मिष्टान्न. आपण ताटाच्या डाव्या-उजव्या बाजूस सर्व मांडून मनास येईल तसें जेवतों. तेथें एक संपल्यावर दुसरें.

हा कडू पदार्थ म्हणजे 'शुक्तो'. कारलें, कच्चें केळें, वांगें, शेवग्याच्या शेंगा; मोहरीच्या तेलांत फोडणी, वाटलेली मोहरी व आलें, आणि शेवटीं थोडें दूध. तो फार जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरचा कवि मुकुंदराम चक्रवर्ती याच्या चंडीमंगलांत स्वयंपाकाचीं लांबलचक वर्णनें आहेत. पण त्यांत बटाटा नाहीं व मिरचीही नाहीं. तिखटपणा मिऱ्यांचा व आल्याचा. मिरची पोर्तुगीजांनीं या देशांत आणली. बटाटा बंगाली चुलीवर रुळला तो एकोणिसाव्या शतकांत. आज बटाट्यावांचून झोल होत नाहीं! तेव्हां 'परंपरागत' हा शब्द जपूनच वापरावा.

परंतु मासे खाणाऱ्या घरांत निरामिष पदार्थांचा एवढा विस्तार कां झाला? याच्या कारणांपैकीं एक मोठें कारण, आमच्या मतें, घरांतील विधवा होय. उच्चवर्णीय विधवेस मासे, मांस, कांदा, लसूण, मसुरीची डाळसुद्धां वर्ज्य असे. भात दिवसांतून एकदांच. एकादशीस पाणीही नसे. तिची चूल वेगळी असे. बालविवाह आणि कुलीनांच्या बहुपत्नीत्वाची चाल यांमुळें अशा स्त्रिया थोड्या नव्हत्या, आणि कित्येक तर अगदीं कोवळ्या वयाच्या होत्या. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनें १८५६ सालीं पुनर्विवाहाचा कायदा झाला. पण तो त्या चुलीपर्यंत पोंचला नाहीं. सोवळ्या स्त्रियांचें घर ज्यांनीं पाहिलें आहे, त्या महाराष्ट्रीय वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

या चुलीवर केळफूल, केळीचा गाभा, दुध्याच्या सालीसुद्धां पदार्थ झाल्या. कांद्यालसणीची जागा हिंगानें व आल्यानें घेतली. त्यागांतून ही कला फुलली, असें गौरवानें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस हें पटत नाहीं. हातची गोडी त्या बाईची. नियमाचें त्यांत श्रेय कोणतें? आणि तिचें नांव तरी कोठें नोंदलें गेलें? १८३१ सालचें 'पाकराजेश्वर' हें पाकपुस्तक एका राजदरबाराच्या आश्रयानें निघालें. घरच्या बायकांच्या स्वयंपाकास छापील पुस्तकांत मानाचें स्थान मिळालें तें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ठाकूर घराण्यांतील प्रज्ञासुंदरी देवी यांच्या 'आमिष ओ निरामिष आहार' या ग्रंथानें. आज तेच निरामिष पदार्थ लग्नाच्या पंक्तींत हौसेनें वाढतात. पूर्वीं मंगलकार्यांत त्या विधवेची सावलीही नको असे.

घरीं करून पाहावयाचा असल्यास 'धोकार डालना' घ्यावा. धोका म्हणजे फसवणूकच. डाळीची वडी झोलांत मासा म्हणून खपते कीं काय, कोण जाणे! हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवून जाडसर वाटावी, आलें, हिंग व जिरें घालून तेलांत कढई सोडीपर्यंत परतावी, ताटांत थापून शंकरपाळ्यांसारखी कापावी व तळावी. आपल्या पाटवडीची ही सख्खी बहीण. मोहरीचें तेल आधीं धूर निघेपर्यंत तापवावें, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. वड्या रश्शांत अगदीं शेवटीं सोडाव्या. फार वेळ उकळल्यास फुटतात.