कुत्रा कोणाचा? मालकी, वाटा आणि १८३२ची मुंबई

१/ मुरबाड तालुक्यातील धसईच्या परिसरात किंवा शेजारच्या शहापुरातील एखाद्या पाड्यावर "हा कुत्रा कोणाचा?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एका नावात संपत नाही. तो निजतो एका ओसरीवर, भाकरी खातो तीन घरची आणि राखण करतो साऱ्या पाड्याची. गळ्यात पट्टा नसला, तरी तो बेवारस नसतो. हे नाते फार जुने आहे. त्याच्यापायी एकदा मुंबई बंद पडली होती. #थ्रेड

२/ सुरुवात घाटमाथ्यापलीकडून. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार शिल्पांचा ठेवा सापडला. त्यांपैकी एक बैलजोडीचा रथ आहे. रथात पुरुष उभा आहे आणि दांडीवर एक कुत्रा. शिल्पांच्या काळाविषयी मतभेद आहेत; उत्खननकर्त्यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. घडवणाऱ्याला मात्र माणूस, बैल आणि कुत्रा ही एकाच गाडीची मंडळी वाटली, एवढे निश्चित.

३/ राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकात, कर्नाटकातील आतकूर येथे कोरलेला शिलालेख तर थेट एका कुत्र्याचे स्मारक आहे. कुत्र्याचे नाव काळी. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. वीरगळ जसा वीरासाठी उभा राहतो, तसा हा दगड त्याच्यासाठी उभा राहिला.

४/ मराठी देवघरातही त्याला जागा आहे. खंडोबासोबत कुत्रा असतो. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात; परंपरा त्यांना चार वेद मानते. भैरवाचे तर तो वाहनच. दुसरीकडे 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा वाक्प्रचारही याच भाषेतला. आदर आणि अवहेलना दोन्ही एकाच दारात नांदत आल्या आहेत.

५/ या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे वाटा. श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढला जातो. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण गैरकारभारासाठी वापरतात. पण कुत्र्याचा वावर थेट जात्यापर्यंत होता, हेही ती सांगून जाते.

६/ गावगाड्यात बलुतेदाराला कामाबद्दल धान्याचा वाटा मिळे. बारा बलुत्यांच्या यादीत कुत्रा नाही, पण त्याचा व्यवहार त्याच जातीचा होता. धनगरांच्या वाड्यावर मेंढरे राखायची, खळ्यावर धान्य, पाड्यावर शेळ्या-कोंबड्या. माळशेजच्या पट्ट्यात बिबट्याची चाहूल आधी त्यालाच लागते आणि पुष्कळदा पहिला बळीही तोच जातो.

७/ आता मुंबई. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला हा व्यवहार उमगला नाही. त्याच्या लेखी कुत्रे दोनच प्रकारचे होते: मालकाचे आणि मोकाट. १८१३च्या नियमानुसार वर्षातील ठरावीक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याची मुभा होती. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. दर कुत्र्यामागे इनाम होते आठ आणे.

८/ आठ आण्यांनी आपले काम केले. पकडणारे घराच्या आवारातून, दारातूनही कुत्रे ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी उठल्या. पट्टा नाही म्हणजे मालक नाही, हा सरकारी हिशेब. ज्या वस्तीत कोणाच्याच कुत्र्याला पट्टा नसे, तिथे तो कसा चालावा?

९/ सर्वांत आधी पेटून उठले ते पारशी. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथात कुत्र्याच्या संगोपनाविषयी सविस्तर नियम आहेत. अंत्यविधीत 'सगदीद' हा विधी असतो. त्यात मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडली जाते आणि त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम मानतात. ऋग्वेदातील यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. हा धागा इतका जुना आहे.

१०/ ६ जून १८३२ रोजी कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. त्यात हिंदू आणि जैनही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा अन्नपुरवठा अडवला गेला. अखेर लष्कर बोलवावे लागले आणि धरपकड झाली.

११/ मध्यस्थीला पुढे आले जमशेटजी जीजीभाई. सरकारकडे अर्ज गेला आणि तडजोड ठरली: कुत्रे मारायचे नाहीत, शहराबाहेर न्यायचे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद (मोतीशा शेठ) यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

१२/ ही कथा इथे संपवली, तर ती अर्धवट राहील. सरकारची भीती खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला आणि रोगाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. पाश्चरची लस माणसाला प्रथम टोचली गेली १८८५ साली. भारतातील पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये निघाली, तीही दूर कसौलीला. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होऊ लागली.

१३/ तडजोडीतही एक खोट होती. 'शहराबाहेर' म्हणजे कुठे? शहराची हद्द जिथे संपते, तिथे कोणाचे तरी गाव सुरू होते. नकोसे झालेले कुत्रे वेशीबाहेर नेऊन सोडण्याची सवय आजही गेलेली नाही. तिची किंमत मोजते ते खेडे, जिथे लसीचा दवाखाना लांब असतो.

१४/ कायदा मात्र हळूहळू बदलला. २००१च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग धरला. २०२३च्या नियमांत 'सामुदायिक प्राणी' हा शब्द आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी तो बदलला: लस टोचून, नसबंदी करून त्यांना मूळ जागी सोडावे, रेबीजचे आणि आक्रमक कुत्रे याला अपवाद.

१५/ 'सामुदायिक' हा शब्द कायद्याला नवा असेल, पाड्याला नाही. मात्र जुन्या व्यवहाराला दोन बाजू होत्या. कुत्र्याला वाटा होता आणि त्याच्यापासून काय मिळवायचे, काय सांभाळायचे, हे वस्तीला ठाऊक होते. आज घास घालणारे हात पुष्कळ आहेत. लसीसाठी त्याला धरून नेणारे थोडे. "हा कुत्रा आमचा" असे म्हणायचे असेल, तर त्या 'आमचा'मध्ये भाकरीबरोबर लसही आली.