गाडीभर मोती?

रूममेटच्या जपानी स्किन लोशनवर लिहिलंय 'हातोमुगी'. हे एक धान्य आहे. दाणे मोत्यांसारखे पांढरे, टपोरे. त्वचा नितळ राहावी म्हणून जपानमध्ये त्याचा चहा पितात, चामखिळींवर औषध म्हणूनही घेतात.

याच दाण्यांनी एका सेनापतीचं नाव धुळीला मिळवलं होतं.

चीनच्या हान सम्राटाचा सेनापती मा युआन. इ.स. ४३ मध्ये त्याने आजच्या उत्तर व्हिएतनाममधलं बंड मोडलं. तिथल्या दमट, रोगट हवेत तो हे दाणे नेमाने खायचा. त्याने अंग हलकं राहतं, तिथली हवा बाधत नाही, असा समज होता. परतताना त्याने बियाण्यासाठी गाडीभर दाणे आणले.

इ.स. ४९ मध्ये तो मोहिमेवरच वारला आणि सम्राटाकडे तक्रार गेली: गाडीत मोती होते! सम्राट भडकला. घाबरलेल्या घरच्यांनी त्याला वाडवडिलांच्या जागेत पुरलंही नाही. आरोप काय, हेसुद्धा त्यांना दरबारात गेल्यावर कळलं. सहा अर्ज केले, तेव्हा कुठे रीतसर दफन झालं.

चिनी भाषेत खोट्या आळासाठी या दाण्यांची म्हण आजही आहे.

दाणे शिजतात, मोती शिजत नाहीत. खरंखोटं करायला एक पातेलं पुरलं असतं.