तरवारीचे हात आणि मिरजेचा तंबोरा



साखर कारखान्याच्या कामगारांत ज्याची हयात गेली त्याने वाद्यांविषयी काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी गवई नाही, आणि शाळेत फार शिकलेलाही नाही. पण एखादी वस्तू समोर आली म्हणजे ती कोणी केली आणि त्याला त्याचे काय मिळाले, हे विचारावयाची मला खोड आहे. गायनाच्या इतिहासात गवयांची घराणी भेटतात, राजेरजवाडे भेटतात. गवयाच्या पाठीमागे जो तंबोरा झंकारत असतो तो घडविणाऱ्याचे घराणे मात्र क्वचितच भेटते. वास्तविक तेही घराणेच आहे, आणि आपणा बिद्रीकरांपासून ते फार दूर नाही. कोल्हापूर ओलांडून पुढे मिरजेला जावयाचे, इतकेच.

हे लोक मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावावी, गंज काढून पाते लख्ख करावे, मोडतोड नीट करावी, हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि तरवारीचे गिऱ्हाईकच उरले नाही. बेकारी गिरणीला टाळे लागल्यावरच येते असे नव्हे. राज्य बुडाले तरी ती येतेच. राजाचे तनखे काय झाले याची नोंद दप्तरांत सापडते. शिकलगाराच्या चुलीचे काय झाले याची नोंद ठेवावयास कोणाला सवड होती?

मिरजेत पटवर्धनांचे संस्थान टिकून होते आणि तेथे गवयांची ये-जा होती. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन हे शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, असे मिरजेत परंपरेने सांगतात. दुरुस्ती हीच त्यांची शाळा. बाहेरून आलेला जुना तंबोरा उकलावयाचा, लाकूड कोठे जाड आणि कोठे पातळ आहे ते बोटांनी चाचपावयाचे, आणि पुढे त्याच्याच बरहुकूम नवा करावयाचा. याला कोणी नक्कल म्हणेल. म्हणो बापडे! पुढे शिकलगार हे आडनाव मागे पडून ही घरे सतारमेकर म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता हे काम होते कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो जाड सालीचा कडू भोपळा. पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठी शेतकरी तो पिकवितात. तो चांगला वाळवावयाचा, मग पाण्यात भिजवून कापावयाचा, बिया व गर काढावयाचा, आणि कापलेल्या तोंडाला आतून काड्यांचे आधार देऊन हवा तो घेर आणावयाचा. त्याला लाकडी गळा बसतो, गळ्याला आतून पोकळ दांडी, आणि तोंडावर पातळ तबली. लाकूड बहुधा तुणीचे. कोणी भोपळा-लाकूड पाहतो, कोणी नक्षी, कोणी चपड्याचे पॉलिश. एका वाद्यावर असे अनेक हात फिरतात. सगळ्यांत शेवटी जवारी. तबलीवरच्या घोडीचा माथा दिसावयास सपाट दिसतो, पण त्याला तारेच्या दिशेने अगदी किंचित उतार असतो. तार त्या माथ्याला लागत-सुटत राहते, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकविला की एका स्वरातून अनेक स्वर फुटू लागतात. हा उतार कानसेने घासून काढतात. एक घास जास्त झाला की आवाज बसतो. तो उतार मापाच्या फूटपट्टीने सापडत नाही. हात घासतो आणि कान सांगतो. पात्याची धार नखावर पारखणाऱ्या घराण्याला हे काम साधले यात मला तरी नवल वाटत नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. सतराव्या शतकात तिकडे आतड्याच्या तारांच्या पाच जोड्यांची गिटार होती. व्हायोलिनसाठी जगप्रसिद्ध झालेल्या क्रेमोनाच्या स्त्रादिवारीनेही तशा गिटारी केल्या. त्याची १६७९ सालची एक आजही आहे. तिचे पडदे आपल्या सतारीप्रमाणे दांडीला बांधलेले असत आणि सरकविता येत. पुढे सहा सुट्या तारांची गिटार आली आणि ही जुनी तऱ्हा प्रचारातून गेली. विसाव्या शतकात कारागिरांनी संग्रहालयांतील नमुन्यांची मापे घेऊन ती पुन्हा हाताने करावयास घेतली. तेथे गुरू मेला होता, म्हणून वस्तूला गुरू करावे लागले. मिरजेत जुना नमुना आणि जिवंत माणूस, दोन्ही एकाच खोलीत राहिले. तिकडे अशा नमुन्याबरहुकूम केलेल्या वाद्याला कोणी कमी लेखीत नाही, आणि जुना कारागीर कोण हे नावानिशी सांगतात. आपणही तसेच करावयास हरकत नसावी.

मागणी वाढविली ती गवयांनी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून वर्गात आले, तेव्हा वर्गालाही वाद्ये लागू लागली. अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन राहिले. सुराच्या बाबतीत त्यांचा कान किती कडक होता हे सर्वश्रुत आहे. असे गिऱ्हाईक दारात असले म्हणजे कारागिरालाही वर चढावेच लागते. १९३७ साली ते वारले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

१९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा काढला. पुढे तो मोबाइलमध्येही आला. त्याला भोपळा नको, लाकूड नको, जवारीला माणूस नको. यंत्रावर रागावणारा मी नव्हे. यंत्रावरच आमची पोटे आहेत. जो विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहतो त्याला ते सोयीचे आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र पहाटे रियाझाला बसणारी मुले यंत्राकडे वळली की कारागिराची रोजची गिऱ्हाइके तुटतात, हेही तितकेच खरे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी २०१९ साली कोल्हापुरी चपलेला ते मिळाले होते. तरीही २०२५ साली मिलानच्या एका बड्या कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मांडल्या, आणि ओरड झाल्यावर भारतीय कारागिरांचे ऋण कबूल केले. नमुना घेण्यात पाप नाही. फरीदसाहेबांनीही तो घेतलाच होता. नाव गाळण्याबद्दल माझी तक्रार आहे.

मानांकनाने दुसऱ्या गावाच्या मालाला मिरजेचे नाव लावण्यास अटकाव होईल. पण घोडी घासणाऱ्याला दिवसाचे किती मिळावे, याविषयी तो कायदा काही बोलत नाही. उसाचा किमान दर ठरतो, साखर कामगारांच्या पगाराचा त्रिपक्षीय करार होतो. भीमेकाठच्या भोपळ्याला आणि मिरजेच्या जवारीला असा ठरलेला दर नाही. तो ठरविण्यासाठी पिकविणारा, घडविणारा, विकणारा आणि वाजविणारा असे चौघे एका बैठकीला बसले पाहिजेत, आणि ती बैठक मिरजेतच, एखाद्या कारखान्याच्या माळ्यावर, वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली घ्यावी, असे मी सुचवितो.