चर्च-व्यवस्थापन संगणकप्रणाली : नव्या सुविधांचा विकास

चर्च-व्यवस्थापन संगणकप्रणाली : ख्रिस्ती मंडळीतील सभासद व त्यांची कुटुंबे, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व दफन यांच्या नोंदी, उपासनांचे वेळापत्रक, संडे स्कूल, अर्पणे आणि हिशेब हे सारे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर. अशा प्रणालीत नवी सुविधा घालायची म्हणजे मंडळीच्या कामकाजाचा आणखी एक भाग संगणकाच्या स्वाधीन करायचा. म्हणून कोणती सुविधा आधी आणि कोणती नंतर, हा प्रश्न तांत्रिक असण्याआधी मंडळीच्या कारभाराचा असतो. महाराष्ट्रातील मंडळ्यांपुरते पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कपाटातील जुन्या रजिस्टरांनी देऊन ठेवले आहे. मूळ नोंद कधीही न खोडणे, पुढची घडामोड समासात लिहिणे, नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि उतारा हक्काच्या माणसालाच देणे, या चार नियमांवर रजिस्टर उभे असते. प्रत्येक नव्या सुविधेने आधी हे चार नियम पाळावेत. बाकीच्या सोयी त्यावर रचाव्यात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आज उपलब्ध असलेल्या प्रणाली बहुतांशी अमेरिकेतील मंडळ्यांच्या गरजांतून घडल्या आहेत. ‘प्लॅनिंग सेंटर’ या व्यापारी प्रणालीची सुरुवात उपासनेच्या आखणीपासून झाली. सभासद, देणग्या, मुलांची हजेरी हे विभाग पुढे जोडले गेले. ‘रॉक आरएमएस’ ही मोठ्या मंडळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहे. ‘चर्चसीआरएम’ ही मुक्तस्रोत प्रणाली ‘चर्चइन्फो’ या जुन्या प्रकल्पातून निघाली. ती पीएचपी आणि मायएसक्यूएल यांवर चालते, फुकट मिळते आणि तिची संहिता कोणालाही बदलता येते. तिच्या रचनेत कुटुंब हा घटक आहे. पण कुटुंबातील नाती कुटुंबप्रमुख, जोडीदार, मूल, इतर नातेवाईक आणि नातेवाईक नसलेला एवढीच आधीपासून दिलेली आहेत. आजी, सून, दीर, पुतण्या असे सगळे ‘इतर नातेवाईक’ या एका कप्प्यात जातात. कुटुंबाच्या नोंदीत देणगीच्या पाकिटाचा क्रमांक मात्र आहे, कारण वर्षभराची ठरलेली देणगी क्रमांकित पाकिटातून देण्याची चाल तिकडे आहे. यात त्या प्रणालीचा दोष नाही. प्रणाली जिथे घडते तिथल्या सवयी तिच्या तक्त्यांत उतरतात, एवढेच यातून दिसते. आणि म्हणूनच आपल्या मंडळ्यांच्या सवयी आपल्यालाच लिहून काढाव्या लागतात.

या सवयींमागे चर्चचा आणि राज्याचा असे दोन्ही कायदे उभे आहेत. कॅथलिक चर्चमध्ये १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहाची नोंद बंधनकारक केली. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील नियम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे ठेवलीच पाहिजेत. त्याच नियमात पुढे असे सांगितले आहे की दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, धर्मसंघातील व्रतस्वीकार यांची टीप त्या व्यक्तीच्या मूळ स्नानसंस्काराच्या नोंदीतही करावी. राज्याच्या बाजूने १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे. त्याच्या कलम ७८ प्रमाणे विवाहाच्या नोंदीतील चूक मूळ मजकुराला हात न लावता समासात दुरुस्त करायची असते. ती वधूवरांसमोर, ते हयात किंवा हजर नसल्यास दोन विश्वासू साक्षीदारांसमोर, सही आणि तारखेसह करायची असते. रजिस्टर नष्ट करणे किंवा त्यात खोटी नोंद करणे यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि नोंदीचा प्रमाणित उतारा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. संगणकशास्त्रात ज्याला बदलांचा मागोवा म्हणतात, ती सुविधा या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मागितलेली आहे. तरीही बाजारातील अनेक प्रणालींत नाव बदलून ‘जतन करा’ दाबले की जुने नाव पडद्यावरून नाहीसे होते. विवाहनोंदीच्या बाबतीत ही सोय नव्हे, कायद्याच्या भाषेत ती नियमभंगाची वाट आहे.

दुसऱ्या ठिकाणी नक्कल ठेवण्याचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील मावळच्या इतिहासातूनच समजते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळा भागात रेल्वेच्या युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरांची वस्ती वाढली. मुंबई इलाख्यातील अशा कुटुंबांतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला नियमितपणे वर पाठवल्या जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याच्या स्वतंत्र वर्गात जपलेल्या आहेत. मूळ पुस्तकाला वाळवी लागली, पावसाने शाई पसरली, तरी वंशजाला आपल्या पणजोबाचा शोध घेता येतो तो या नकलांमुळे. ज्या मराठी घराण्यांच्या नोंदी फक्त स्थानिक पुस्तकात राहिल्या, त्यांना हा आधार नाही. मावळातला पाऊस आणि दमट हवा कागदाला मानवत नाही. त्यामुळे पानांची छायाचित्रे घेणे, प्रत्येक छायाचित्र संबंधित नोंदीशी जोडणे आणि त्यांची प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात आपोआप पोचवणे ही सुविधा या भागात पहिल्या क्रमांकाची ठरते.

समासातील टिपेचा प्रश्न माणसांच्या स्थलांतराशी बांधलेला आहे. कामशेतजवळच्या वडिवळ्यासारख्या, धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या गावात किंवा त्याच्या आसपास एखाददुसरे ख्रिस्ती कुटुंब राहत असेल, तर त्याची मंडळी कामशेत, लोणावळा किंवा पुण्यात असणार. मुलाचा बाप्तिस्मा एका ठिकाणी, शिक्षण दुसरीकडे, नोकरी पिंपरी-चिंचवडमध्ये आणि लग्न वसईत किंवा अहिल्यानगरात होणार. कॅथलिक व्यवस्थेत लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने स्नानसंस्काराच्या मूळ धर्मग्रामाला कळवायचे आणि तिथे टीप करायची असते. लग्नापूर्वी या टिपांसह ताजा उतारा मागवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासदत्व एका मंडळीतून दुसरीत दाखल्याने जाते. दोन्ही वाटा आज टपाल, फोन आणि ओळखीच्या माणसाच्या भरवशावर चालतात. एका मंडळीच्या प्रणालीने दुसरीला सही केलेला निरोप पाठवावा, तिथल्या पाळकाने किंवा धर्मगुरूने तो तपासून स्वीकारावा आणि मगच टीप पडावी, ही सुविधा बांधली तर एकाच माणसाच्या दोन विवाहनोंदी किंवा दोन मंडळ्यांत एकाच वेळी सभासदत्व असे घोळ टळतील. त्यासाठी सगळ्या मंडळ्यांची माहिती एका मध्यवर्ती साठ्यात ओतण्याची गरज नाही. प्रत्येकीने आपले रजिस्टर आपल्याकडे ठेवावे आणि ठरावीक नमुन्यात निरोपांची देवघेव करावी, हे पुरेसे आहे. हा निरोप नेटवर्क नसताना साठून राहिला पाहिजे आणि ते येताच गेला पाहिजे, कारण सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत अखंड इंटरनेट गृहीत धरता येत नाही.

नाव आणि लिपी यांची अडचण वरवर किरकोळ वाटते, पण शोधाची सारी विश्वासार्हता तिच्यावर ठरते. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. लग्नानंतर स्त्रीच्या नावाचे दोन भाग बदलतात. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मनाम मिळालेल्या प्रौढ व्यक्तीचे पूर्वीचे नावही नोंदीत असते. बाबा पदमनजींचा १८५४ मधील किंवा ना. वा. टिळकांचा १८९५ मधील बाप्तिस्मा अशा प्रौढ बाप्तिस्म्यांची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. म्हणून नाव हा एक रकाना न ठेवता तारीखवार नावांची यादी ठेवावी लागते. देवनागरीत आणखी एक गुंता आहे. ‘गोऱ्हे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या संकेतमालिकांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला दोन वेगळी आडनावे वाटतात. ‘साळवे’ रोमन लिपीत टाइप करून परत देवनागरीत आणले की ‘सालवे’ होते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या सभासद-याद्या नव्या प्रणालीत थेट चिकटवल्या तर अक्षरांचा अर्थच हरवतो. साठवण्यापूर्वी संकेत एकसारखे करणे, जुन्या फॉन्टांतून रूपांतर करणे आणि ळ-ल, ड-द यांतील गोंधळ गृहीत धरून शोध देणे, ही कामे सुविधांच्या यादीत ठळकपणे दिसत नाहीत. तरी त्यांच्यावाचून मराठी मंडळीत बाकीची कोणतीच सुविधा नीट चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की लहान मंडळीला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. एक्सेलचा तक्ता आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट पुरे. दैनंदिन निरोपांसाठी ते खरेच पुरे आहे. पण तक्ता कोणी, कधी, का बदलला हे सहजी कळत नाही. तो ज्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर असतो त्याची बदली झाली की तोही जातो. पाळकांची आणि धर्मगुरूंची बदली ही तर नेहमीची बाब आहे. मंडळी लहान असली म्हणून तिथे झालेल्या विवाहाची कायदेशीर किंमत कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मंडळीची आजची निकड पैशाचा पारदर्शक हिशेब आणि दूर गेलेल्या तरुणांशी संपर्क ही आहे, मग जुन्या नोंदींवर श्रम कशाला? हिशेबाची निकड खरी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला ताळेबंद आणि जमाखर्च ठरलेल्या अनुसूचींच्या नमुन्यात द्यावा लागतो. परदेशी देणगी आल्यास २०१० चा परकीय अंशदान कायदा लागू होतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच घ्यावी लागते. परंतु हिशेबालाही तेच चार नियम हवेत. पावती रद्द करता येते, पुसता येत नाही. दुरुस्तीची नोंद वेगळी पडते. प्रत लेखापरीक्षकाकडे जाते. कोणी किती अर्पण दिले हे साऱ्या मंडळीला दिसत नाही. रजिस्टरासाठी केलेला पाया हिशेबाला आयता मिळतो. हजेरी आणि संपर्काच्या सुविधांसाठी बांधलेला पाया मात्र रजिस्टराला पुरत नाही.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कागदावरून नंतर संगणकात आणलेल्या माहितीलाही लागू होतो आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संडे स्कूलची हजेरी त्यामुळे थेट त्याच्या कक्षेत येते. धर्माची नोंद आपल्याकडे निव्वळ खासगी बाब राहत नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, आणि महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दलित समाजांतून आलेली आहेत. सभासद-यादी चुकीच्या हाती पडल्यास एखाद्याच्या शिक्षणावर आणि नोकरीवर परिणाम होऊ शकतो. माहिती काढून टाकण्याचा हक्क आणि नोंद न खोडण्याचा नियम यांत ताणही आहे. २०२३ मध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदीबाबत आयर्लंडच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने ती ठेवण्यास मुभा दिली, तर बेल्जियमच्या यंत्रणेने गेंटच्या धर्मप्रांताविरुद्ध निर्णय दिला. यावर वाट एकच : रजिस्टर आणि संपर्क-यादी यांची पूर्ण फारकत करावी. फोन, पत्ता, छायाचित्र, हजेरी ही माहिती मागणी येताच पुसता यावी. रजिस्टरातील नोंद कुलूपबंद राहावी, तिचा उतारा संबंधित व्यक्तीला किंवा कायद्याने हक्क असलेल्यालाच मिळावा आणि प्रत्येक उताऱ्याची नोंद व्हावी. पापनिवेदनातील किंवा समुपदेशनातील मजकुरासाठी प्रणालीत रकानाच ठेवू नये. जी माहिती साठवलीच नाही, ती फुटण्याची भीतीही उरत नाही.

विकासाची पद्धतही यावरून ठरते. नवी सुविधा मागणाऱ्याने प्रथम ज्या पुस्तकाची जागा ती घेणार आहे, त्याची काही पाने विकसकासमोर ठेवावीत. रकाने, टिपा, खाडाखोड, सह्या यांतून खरी गरज कळते. त्यानंतर एका मंडळीत कागद आणि संगणक दोन्ही एकाच वेळी चालवावेत, फरक शोधावेत आणि मगच इतरांना ती सुविधा द्यावी. कागदी रजिस्टर मात्र बंद करू नये. सही, शिक्का आणि साक्षीदार यांची जागा कायद्याच्या आणि चर्चच्या दृष्टीने अजून तिथेच आहे. संगणकाने त्याची प्रत, शोध आणि निरोप ही कामे करावीत. संपूर्ण माहिती साध्या, उघड्या नमुन्यात बाहेर काढता येते का, ही प्रत्येक प्रणालीची शेवटची कसोटी मानावी, कारण कंपन्या आणि प्रकल्प बंद पडतात, मंडळी राहते. ज्या मंडळीजवळ प्रोग्रामर नाही आणि पैसाही थोडा आहे, तिने महागडी प्रणाली घेण्याआधी आपल्या बाप्तिस्मा व विवाह रजिस्टरांच्या प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र काढून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. नव्या सुविधांची सुरुवात या कामापासून करणे सर्वांत योग्य आहे.