टाऊ

उत्तर छत्तीसगडच्या थंड पठारावरचे पीक. बाजारात ते कुट्टू या नावाने मिळते. शास्त्रीय नाव फॅगोपायरम एस्क्युलेंटम. दळून भाकरी होते म्हणून त्याला धान्य म्हणायचे. कूळ मात्र गव्हा-ज्वारीचे नव्हे, आंबट चुक्याचे. मूळ नैर्ऋत्य चीनमधले. जपानी सोबा शेवया याच्याच पिठाच्या.

छत्तीसगडमधल्याच भिलाईचे शिवार मात्र जेमतेम ३०० मीटर उंचीवर; तिथे भात आणि त्यामागून तिवरा, म्हणजे आपली लाखोळी. टाऊसाठी दुर्ग-अंबिकापूर गाडीने उत्तरेला सरगुजा गाठावे आणि मैनपाट चढावे. हे पठार हजार मीटरहून उंच आहे. १९६२-६३च्या सुमारास इथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आणि त्यांच्या शेतीतून टाऊ रुजला. पुढे स्थानिक शेतकऱ्यांनीही तो उचलला.

पाऊस ओसरू लागला की पेरणी, थंडीच्या तोंडावर फुलोरा. अडीच-तीन महिन्यांत पीक हाती येते, जमीन हलकी असली तरी चालते. फुलोऱ्यात ऊन तापले तर मात्र फुले पोचट जातात. रोपाचा देठ लालसर, फुले पांढरी-गुलाबी. काही रोपांच्या फुलांत कुक्षीवृंत लांब व केसर आखूड, काहींत नेमके उलटे. परागकण एका प्रकारावरून दुसऱ्यावर पोचले तरच दाणा भरतो, आणि हे काम मुख्यतः मधमाश्यांचे. त्यामुळे मधमाश्या मारणारी फवारणी या पिकाच्या मुळावर येते. एकाच रोपावर फूल, हिरवा दाणा आणि पिकलेला काळपट तिधारी दाणा एकदमच दिसतो. सगळे पिकण्याची वाट पाहिली तर आधीचे दाणे गळतात. म्हणून बहुतेक दाणे काळे पडले की सकाळच्या दमटपणातच कापणी करणे चांगले.

दाण्यात लायसिन चांगले, ग्लूटेन अजिबात नाही. त्यामुळे पुरी लाटताना कडा फाटतात. पिठात उकडलेला बटाटा मळला की ती धरते. महाराष्ट्रात उपासाला वरई, राजगिरा, शिंगाडा. भिलाईत मात्र उत्तर भारतीय शेजाऱ्यांच्या नवरात्रात कुट्टू असतोच. हे पीठ लवकर खवट होते आणि शिळ्या, भेसळीच्या पिठाने उत्तर भारतात ऐन उपासात विषबाधा झाल्या आहेत. तेव्हा शक्यतो दाणे घ्यावेत आणि लागेल तेवढेच दळून आणावेत.