पाटल्या मशिनमा गयात

मागच्या महिन्यात जुन्या वस्तू घेणारा एक माणूस आमच्या नामपूरच्या घरी आला. पितळी भांड्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. "बाबा, जुनं सिंगर मशीन आहे ना तुमच्याकडे?" म्हणाला, आणि मशीन समोर ठेवल्याबरोबर मोबाईल काढून सुईजवळ धरला. मला वाटलं फोटो काढतोय. मग उलगडा झाला. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली होती की, जुन्या सिंगर मशीनच्या सुईत 'लाल पारा' असतो आणि जवळ नेला की मोबाईल बंद पडतो. लोकांनी तिथे त्यापायी अवाच्या सव्वा किमती मोजल्या. ती अफवा एवढ्या वर्षांनी मोसम नदीच्या काठी पोचली म्हणायची! मोबाईल काही बंद पडला नाही. उलट त्याच वेळी त्याला बायकोचा फोन आला.

जाताना मात्र तो विचारून गेला, "कोणत्या सालचं आहे?" पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तर येऊ नये हे काही बरं नाही.

आमचं मशीन हाताचं आहे. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्याने कापड सरकवायचं. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, वर कमानीसारखं लाकडी झाकण. आत होडीच्या आकाराचं शटल आणि लांबुळकी बॉबिन. झाकणाच्या आत माझ्याच अक्षरातली एक चिठ्ठी आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ती डिंकाने चिकटवली होती : 'आजोबांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस आजीस दिलेली भेट.' घरात लहानपणापासून ऐकलं तेच लिहिलं होतं.

मशीनच्या उजव्या पायथ्याशी क्रमांक कोरलेला आहे. नातवाने तो नेटवर शोधला. इंग्रजी 'वाय' अक्षराने सुरू होणारे क्रमांक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे. हा कारखाना 1885 साली सुरू झाला, 1980 साली बंद पडला. 'वाय' मालिका 1920 आणि 1930 च्या दशकांतली. नातू खूश झाला, "आबा, शंभरीला आलंय!" मी मात्र गप्प बसलो.

कारण आजोबा 1918 साली गेले. मानमोडीच्या साथीत. तेव्हा वडील तान्हे होते आणि आजी जेमतेम अठरा वर्षांची.

म्हणजे हे मशीन तयार झालं तेव्हा आजोबा या जगात नव्हतेच. मग दिवाळीची भेट कुणी दिली?

इथे मला आजीचं एक वाक्य आठवलं. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. मी एकदा विचारलं होतं, तुझ्या पाटल्या कुठे गं? ती अहिराणीत म्हणाली होती, "पाटल्या मशिनमा गयात." मी पाच-सहा वर्षांचा असेन. मला वाटलं, शिवताना हातातून निसटून आत पडल्या. दुपारी सगळे झोपले की मी मशीन तिरकं करून आत डोकवायचो. त्या मोबाईलवाल्याला हसलो खरा, पण मशीनमध्ये सोनं शोधणारा पहिला माणूस मीच!

आता कळतं की त्या पाटल्या तिला पुन्हा घालायच्या नव्हत्याच. ट्रंकेत पडून होत्या, त्या तिने मोडल्या. मग चोळ्या, परकर, झबली-टोपडी शिवून दिली. परपुरुषाकडे माप द्यायला संकोचणाऱ्या बायका जुनी चोळी मापाला घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या. मोबदला कधी दोन आणे, कधी बाजरी. वडील शिकले ते त्यावर. पण विधवा बाईने स्वतःच्या मनाने यंत्र घेतलं असं त्या काळी गावात कसं सांगायचं? 'त्यांनी घेतलेलं' म्हटलं की कुणी काही बोलत नसे. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

गंमत म्हणजे खुद्द सिंगरबद्दलही असाच समज होता. यंत्रांविषयी कडक मतं असणाऱ्या गांधीजींनी 1924 साली एका संवादात शिवणयंत्राला अपवाद ठरवलं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते शोधलं, असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हा फिरता नट. अनेक संसार आणि दोन डझन मुलांचा बाप! बोस्टनच्या एका कारखान्यातलं दुसऱ्याचं सदोष यंत्र त्याने सुधारलं आणि 1851 साली पेटंट घेतलं. शिवणयंत्राचं पेटंट एलियास होवेने 1846 सालीच घेतलेलं होतं, त्यामुळे सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. हप्त्यांची युक्ती 1856 सालची, तीही त्याच्या भागीदाराची, एडवर्ड क्लार्कची. आपल्याकडे सिंगरचा कारभार वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. एवढ्या लोकांचा हात, आणि गोष्ट मात्र एका प्रेमळ नवऱ्याची. आमच्या घरातही तेच. असो.

आजी 72 च्या दुष्काळाच्या वर्षी गेली. मग आईने मशीन चालवलं, आता सौ. चालवते. पुण्याचे चिरंजीव म्हणतात, पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवू. सौ.ने साफ नकार दिला. पॉलिश केलेल्या मशीनवर गोधडीचे काठ कोण मारू देणार?

काल मी झाकणातली चिठ्ठी काढायला बसलो. डिंक पक्का निघाला. ओल्या फडक्याने, मग चाकूने, अर्धीच निघाली. 'भेट' हा शब्द अजून चिकटून आहे. उरलेल्या जागेत आजीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'स्वतःच्या पाटल्या मोडून घेतले.' अक्षर आता पूर्वीसारखं येत नाही, हात थरथरतो. सौ.ने वाचलं आणि म्हणाली, सरका, मला तेल घालायचंय.