न्यू ट्रियर टाउनशिप हायस्कूल

न्यू ट्रियर टाउनशिप हायस्कूल ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराकाठच्या विनेटका या सधन उपनगरात ती १९०१ साली सुरू झाली. शाळेत नववी ते बारावीचे वर्ग असून नववीचे वर्ग नॉर्थफील्ड येथील आवारात भरतात. अभिनेते चार्लटन हेस्टन व रॉक हडसन आणि माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड हे येथील माजी विद्यार्थी होत.

उपक्रम

सल्लागार पद्धत हे शाळेचे वैशिष्ट्य मानले जाते. विद्यार्थ्यांचा छोटा गट आपल्या सल्लागार शिक्षकास दररोज भेटतो. अभ्यासासह वैयक्तिक अडचणींतही हा शिक्षक मार्गदर्शन करतो. संगीत, नाट्य, जलतरण यांसाठी शाळा प्रसिद्ध असून विद्यार्थी स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवतात.

निधी व विषमता

इलिनॉयमध्ये शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून भागतो. त्यामुळे जेथे घरांच्या किमती अधिक, तेथील शाळांना अधिक पैसा मिळतो. जोनाथन कोझोल यांनी 'सॅव्हेज इनइक्वॅलिटीज' (१९९१) या ग्रंथात शिकागोतील शाळांशी न्यू ट्रियरची तुलना करून ही दरी दाखवली. सप्टेंबर २००८ मध्ये राज्याचे सिनेटर जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखाली शिकागोतील शेकडो विद्यार्थ्यांनी शाळेच्या पहिल्या दिवशी आपल्या वर्गांवर बहिष्कार घातला आणि न्यू ट्रियरमध्ये प्रवेशासाठी प्रतीकात्मक अर्ज भरले. २०१७ च्या कायद्याने राज्याचे वाढीव अनुदान गरजू शाळांकडे वळवले. मालमत्ता करावरील भिस्त मात्र कायम राहिली.